वजा एक लाख सत्तर हजार

जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवणाऱ्यास,

पत्राच्या माथ्यावर ‘स. न. वि. वि.’ लिहायची सवय मला आजोबांनी लावली. तुला लिहिताना ती जाणूनबुजून मोडतो आहे. नमस्कार घालावा असं तुझ्या हातून काही घडलेलं नाही.

तुझं नाव मला माहीत आहे. जिल्ह्याबाहेरच्या कोणत्या बाजारात तू बसायचास तेही माहीत आहे. तरी नाव छापत नाही. एकट्या तुझं नाव छापलं तर तुझ्या शेजारच्या गाळ्यात बसून हेच करणारे चौघे ‘आपल्याला कुठं लिहिलंय’ म्हणून पेपर घडी करून ठेवतील. त्यांनीही हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं समजून वाचावं.

पाच वर्षांपूर्वी माझे चुलते तुझ्याकडे आले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. धोतर, पांढरा सदरा, खिशात शाळकरी वही. तुला आठवणार नाहीत, तू रोज असे दहा आप्पा बघत असशील. पांढऱ्या रंगाची, सात माणसं बसतील अशी डिझेल गाडी त्यांनी पसंत केली. हौसेसाठी घेतली नव्हती. आमचं गाव बीड जिल्ह्यात, तेलगावच्या अलीकडं आडरस्त्याला. एसटी दिवसातून दोनदा यायची आणि संध्याकाळची फेरी गेली की गाव सकाळपर्यंत जागच्या जागी. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला पहिली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला लागली, त्या जिल्ह्यात रात्री-अपरात्री माणूस दवाखान्यात न्यायचा तर कुणाच्या तरी दारात चालू गाडी हवी. ती आपल्या दारात असावी एवढंच आप्पांच्या मनात होतं. डिझेलपुरते पैसे घ्यायचे, कधी तेही नाही.

आप्पा अडाणी गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी थंड इंजिन चालू करायला लावलं. ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला आणि धूर किती मारतं ते पाहिलं. चारी टायर बघितले, पाटे बघितले. मीटरवर ७१,३४० होते. मग त्यांनी विचारलं, “टायमिंग बेल्ट बदललाय का?” आणि तू म्हणालास, “काका, सत्तर हजारच तर झालेत. कंपनीचाच बेल्ट आहे. लाखाला बदला, तोवर बघायचं काम नाही.”

आप्पांनी खिशातली वही काढून तुझ्यासमोर लिहिलं: बेल्ट, १,००,०००.

तो आकडा वहीत उतरताना तू पाहत होतास. ज्या आकड्यावर तो बेतला होता तो खोटा आहे हे त्या बाजारात एकट्या तुलाच ठाऊक होतं. माझा राग तिथून सुरू होतो. किंमत वाढवून सांगितली असतीस तर तो व्यवहार झाला असता, घासाघीस करून आम्ही उठून गेलो असतो. तू एका माणसाला त्याच्या स्वतःच्या अक्षरात चुकीची मुदत लिहायला लावलीस.

पुढचं ऐक. दीड वर्षानंतरची गोष्ट. जानेवारीतली रात्र, अकरा वाजलेले. शेजारच्या घरातली सून अडली होती. पहिलटकरीण होती. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला न्यायचं ठरलं. गाडीत ती, तिची सासू, तिचा नवरा, एक सुईण, आप्पा आणि मी. तेलगाव मागं टाकून धारूरच्या घाटाला लागलो. तू तो घाट पाहिला नसशील. बालाघाटाच्या डोंगरावर चढणारा अरुंद रस्ता, एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि हंगाम उसाचा. आमच्या मागं दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर चढत होता.

दुसऱ्या वळणाच्या पुढं इंजिनातून एक आवाज आला. फटाक्यासारखा मोठा नव्हता, कुणी तरी डब्यात मूठभर खिळे टाकून एकदाच हलवावेत तसा. दिवे चालू राहिले, इंजिन बंद. आप्पांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारी हवेची ओढ संपते. एक-दोनदा पाय नीट लागतो, मग पायाखाली दगड असल्यासारखं होतं. गाडी मागं सरकायला लागली. आप्पांनी पहिला गिअर टाकून पाहिला. चढावर बंद गाडी एरवी गिअरवर थांबते, पण वाल्व वाकल्यामुळे इंजिनात कॉम्प्रेशनच उरलं नव्हतं, ते गाडी धरेना. हातब्रेक ओढला तरी भरलेली गाडी बोटबोट घसरत होती. मी दार उघडून उडी टाकली आणि रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला. पहिला निसटला. दुसरा लागला. मागचा ट्रॅक्टरवाला आरडाओरडा ऐकून आधीच थांबला होता, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

त्या पोरीला मागून आलेल्या एका पिकअपमध्ये घेतलं. ती पोचली, बाळ-बाळंतीण दोन्ही सुखरूप आहेत. हे तुझं नशीब, तिचंही. तुझ्या नशिबाला या पत्रात मी काही किंमत देत नाही.

तिसऱ्या दिवशी धारूरच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. बेल्ट दातांपाशी झिजून, भेगा पडून तुटला होता. ज्यांना यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुला तर ठाऊकच आहे: खाली पिस्टन वर-खाली होतात, वर वाल्व उघडझाप करतात आणि दोघांची वेळ सांभाळतो तो हा रबरी दातेरी पट्टा. तो तुटला की या जातीच्या इंजिनात पिस्टन जाऊन उघड्या वाल्वला धडकतो. म्हणून हा पट्टा तुटायची वाट बघायची नसते, ठरलेले किलोमीटर झाले की चांगला असला तरी काढून टाकायचा असतो. त्याचं वय बाहेरून दिसत नाही. ते मीटर सांगतं.

मिस्त्रीनं एअर फिल्टरचा डबा काढला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला ऑइल बदलल्याचं एक कार्ड चिकटलेलं निघालं. तेलकट झालेलं, पण आकडा वाचता येत होता. बॅटरीच्या उजेडात त्यानं तो मोठ्यानं वाचला: २,३८,६००. तारीख आप्पांनी गाडी घेतली त्याच्या चार महिने आधीची. आप्पा म्हणाले, “पुन्हा वाच.” त्यानं पुन्हा वाचला.

गाडीच्या आयुष्यातले एक लाख सत्तर हजार किलोमीटर तू खोडले होतेस. तू पायदानाचे रबर बदललेस, स्टेअरिंगवर नवं कव्हर चढवलंस, ड्रायव्हरच्या खचलेल्या सीटमध्ये नवा फोम भरलास, दारावरचा सर्व्हिसिंगचा कागद खरवडून काढलास. फिल्टरच्या डब्यामागं बघायला तुझा हात पोचला नाही.

या कामाची रीत मी नंतर समजून घेतली. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये आकड्यांच्या चकत्या असायच्या. काच उघडून त्या हातानं किंवा ड्रिल लावून उलट्या फिरवायच्या. त्यात निदान चकत्या वाकड्या बसायच्या, आकडे एका ओळीत राहायचे नाहीत, जाणत्याला कळायचं. आता आकडा मीटरमागच्या चिपमध्ये असतो. लॅपटॉप, एक वायर आणि चहा थंड होईपर्यंतचा वेळ. पुसल्याची खूण मीटरवर राहत नाही. खूण राहते ती बेअरिंगवर, पिस्टनच्या रिंगांवर, क्लच प्लेटवर, रबराच्या बुशांवर. त्यांना तुझी वायर लागत नाही.

आता मला तुझ्याशी ज्यावर खरं बोलायचं आहे तिथं येतो. अडीच लाख चाललेली गाडी कुणी घेत नाही, म्हणून आकडा कमी करावा लागतो, असं तू धरून चाललास. आम्ही ती गाडी अडीच लाख चाललेली असूनही घेतलीच असती. आमच्या जिल्ह्यात अडीच लाख म्हणजे गाडीचं म्हातारपण नव्हे. काळी-पिवळीच्या जीपा आम्ही लहानपणापासून पाहतोय. पत्रा दोनदा बदललेला, इंजिनाचं बोअर-पिस्टन दोनदा झालेलं, मीटर शून्यावरून फिरून पुन्हा वर आलेलं, आणि तरी सकाळी पहिल्या चावीला चालू. गाडी किती वर्षं, किती किलोमीटर चालते याचं उत्तर कंपनीच्या कागदावर नसतं. ते तिच्या मालकाच्या वहीत असतं.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ अर्विन गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ साली त्यांनी एक लाल व्हॉल्वो गाडी घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. इंजिन पहिल्यांदा खोललं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. ते गृहस्थ तीन-साडेतीन हजार मैलांना नेमानं ऑइल बदलत आणि प्रत्येक काम लिहून ठेवत. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं १९७६ ची डिझेल मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये कंपनीनं ती आपल्या संग्रहालयात नेऊन ठेवली. त्यानं इंजिनं बदलत बदलत ती चालवली, पण कधी बदलायचं हे त्याला कळत होतं, कारण त्याचं मीटर त्याच्याशी खोटं बोलत नव्हतं.

इतक्या लांब कशाला जायचं? बीडच्या आगारात जा. खिळखिळ्या लालपरीला आम्ही शिव्या घालतो, घाटात ती बंद पडते तेव्हा उतरून ढकलतोही. पण प्रत्येक एसटी रोज किती किलोमीटर चालली ते कागदावर चढतं. ऑइल कधी, ब्रेक लायनर कधी, इंजिन खोलायला कधी पाठवायचं हे त्या आकड्यावर ठरतं. १९४८ साली १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून या संस्थेनं पुष्कळ चुका केल्या असतील, पण गाडीचं वय ती लपवत नाही. जुन्या चासीवर चिकलठाण्याच्या कार्यशाळेत नवी बॉडी चढते, तेव्हाही चासी जुनी आहे हे कागदावर राहतं. आमच्या घाटांमधून या म्हाताऱ्या गाड्या रोज शेकडो माणसं चढवतात-उतरवतात, त्या या खऱ्या नोंदीच्या जोरावर.

कायदा वर्षं मोजतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी पासिंग. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्या १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरून काढायचं ठरलं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीला २० वर्षांची मुदत होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली आणि चांगल्या चालत्या गाड्याही थांबल्या. वर्षं मोजणं सोपं आहे, कारण तारीख परिवहन कार्यालयात लिहिलेली असते. यंत्राला मात्र वर्षं फारशी कळत नाहीत. त्याला चाललेलं अंतर कळतं, धूळ कळते, आमच्याकडच्या मे महिन्यातलं ऊन कळतं. महामार्गावर एका लयीत तीन लाख चाललेली गाडी गल्लीबोळात साठ हजार चाललेल्या गाडीपेक्षा निरोगी असू शकते. म्हणून मोठ्या आकड्याची लाज वाटण्याचं काही कारणच नव्हतं. तू एका चांगल्या गाडीचं चांगुलपण लपवलंस. अडीच लाख चालून तिचं इंजिन धूर मारत नव्हतं ही तिची खरी शिफारस होती.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ट्रॅक्टरची. त्याचं वय किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं, आणि तासांचं मीटरही तुम्ही मागे नेता हे आता मला कळलंय. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं ओस पडायला लागतात. ऊसतोडीच्या मुकादमानं उचल दिलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, कोयते, झोपडीचे बांबू, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बायका-पोरं. बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज इथून निघालेल्या या गाड्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात जातात. एक रात्र, एक दिवस, वाटेतले सगळे घाट. मुकादमानं किंवा एखाद्या टोळीनं कर्ज काढून घेतलेला तो जुना ट्रॅक्टर सहा हजार तास झालेला असून तू त्याचे दोन हजार करून दिलेले असतील, तर त्याच्या ब्रेकचं, क्लचचं, हायड्रोलिकचं काम कधी करायचं हे चालवणाऱ्याला कोण सांगणार? ट्रॉलीत झोपलेल्या पोराला तर मीटर म्हणजे काय हेही ठाऊक नसतं.

तुझी बाजू मी ऐकलेली आहे. आप्पांच्या मुलानं तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, “सगळेच करतात. मीटर जास्त दिसलं की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. दोष गिऱ्हाईकाचा.” यातला थोडा भाग खरा आहे आणि तो मी मान्य करतो. आम्ही गाडी बघायला गेलो की आधी आकडा बघतो आणि मग तोंड वाकडं करतो. सर्व्हिसिंगची बिलं मागत नाही, आधीच्या मालकाला भेटत नाही, मिस्त्री सोबत न्यायचा तर त्याची पाचशे रुपयांची मजुरी वाचवतो. जुनी गाडी घेतली की मीटर काहीही म्हणो, बेल्ट आधी बदलावा, हे धारूरचा मिस्त्री आता प्रत्येकाला सांगतो. आमची ही चूक आहे. पण आमच्या भोळेपणाचा दर ठरवून त्यावर धंदा उभा करण्याचा हक्क त्यातून तुला मिळत नाही.

आणि हे बेकायदा आहे हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. खोटं सांगून माल गळ्यात मारणं ही फसवणूक, आधी भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेत आहे. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात असताना कुठं, कशासाठी, किती किलोमीटर फिरली याची नोंद ठेवावी लागते. नियम चांगला आहे. पण गाडी त्याच्या दारात यायच्या आधीचे किलोमीटर कोण सांगणार, हे भोक तसंच राहिलं. बेल्जियम देशानं ते २००६ मध्ये बुजवलं. तिथं गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये गेली की मीटरचा आकडा एका ठिकाणी कळवावाच लागतो, आणि विकणाऱ्याला त्या सगळ्या आकड्यांचा कागद घेणाऱ्याच्या हातात द्यावा लागतो. आपल्याकडं पासिंगला, विम्याला, धुराच्या तपासणीला गाडी जातेच. प्रत्येक वेळी आकडा लिहून घेतला आणि तो गाडीच्या नंबरासोबत कुणालाही बघता आला, तर तुझी वायर दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल. हे व्हावं म्हणून मी खात्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. ते तुला उद्देशून नाही.

इंजिनाच्या कामाला आप्पांचे चौसष्ट हजार गेले. सोयाबीनचे आलेले आणि वर काही उसने. पैशाबद्दल त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. गाडी नीट झाल्यावर त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली, मीटरच्या काचेखाली लावली आणि बॉलपेनानं लिहिलं: ‘यात १,७०,००० मिळवा.’ नंतर वहीतलं जुनं पान काढून त्यांनी सगळे आकडे पुन्हा मांडले. आज गाडी खऱ्या हिशोबानं तीन लाखांवर गेली आहे आणि रोज चालते. गेल्या दिवाळीत एक दलाल ती बघायला आला होता. म्हणाला, ती पट्टी काढा, मीटर ऐंशीवर आणून देतो, चाळीस हजार जास्त मिळतील. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि लावून दिला. पण रात्री कुणी हाक मारली तर आता ते आधी गाडीच्या खाली वाकून बघतात, मग चावी लावतात. घाटात चढताना बोलत नाहीत. हे आधी नव्हतं.

माझी तुझ्याकडं एकच मागणी आहे. पैसे परत नकोत, माफीही नको. तू कुठल्या कुठल्या गाड्यांचे आकडे खाली आणलेस ते तुला आठवत असणार. जो माणूस किलोमीटर विकतो तो हिशोब ठेवतोच. ती यादी काढ. घेणाऱ्यांचे फोन नंबर गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मच्या झेरॉक्सवर असतील. एकेकाला फोन लाव. स्वतःचं नाव सांगायला लाज वाटत असेल तर सांगू नकोस. गाडीचा नंबर सांग, खरा आकडा सांग, आणि बेल्ट, ब्रेक, क्लच आज बघून घ्या म्हणून सांग. त्यातली कुठली तरी गाडी आज संध्याकाळी मांजरसुंब्याचा घाट चढणार असेल. तो फोन आधी लाव.

धारूरच्या घाटात चाकाखाली दगड लावणारा,
आप्पांचा पुतण्या